मामा आल्याशिवाय अंतरपाट नाही

उंब्रज, ता. कराड
१० डिसेंबर २०२४

चि. लालास,
आक्काचा आशीर्वाद. रागात आहे, पण आशीर्वाद आधी लिहिते. आईनं लावलेली सवय मोडत नाही.

फोन सोडून पत्र का, ते तुला कळेलच. तुझ्या दाजींना अलीकडं कमी ऐकू येतं, म्हणून आमच्या घरात फोन कायम स्पीकरवर. मी तुला काय बोलले ते दुकानात खिळे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही कळतं. शिवाय तू फोन उचलतोस, सगळं ठीक आहे म्हणतोस आणि ठेवून देतोस. बर्फात चौकीवर होतास तेव्हा चार-चार पानं लिहायचास, तेव्हा तुझ्या मनातलं मला कळायचं. आता पेन्शन घेऊन कडेगावात घरी बसलायस तर काही म्हणून कळत नाही.

परवा माझ्या शिवांजलीच्या सुपारीला तू आलास. पाहुण्यांना राम राम केलास आणि खुर्ची दिली तरी भिंतीला टेकून उभा राहिलास. चहा नको म्हणालास. सरबत नको म्हणालास. सुपारी फुटायच्या आत गाडी काढून गेलास सुद्धा! तुझ्या बायकोला विचारलं तर संयोगिता नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. जतचे पाहुणे काय आंधळे आहेत? नवरदेवाच्या, शंभूराजच्या, चुलत्यांनी भर बैठकीत विचारलं, की मुलीचं मामा रुसल्यात काय. मी हसून वेळ मारून नेली.

आपल्या भागात माणूस वैर असल्याशिवाय चहा नाकारत नाही. मग वैर कशाचं, ते मी शोधत बसले. वडलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर माझी सही राहिलीय, त्याचा तर राग नाही? अरे, लग्नाच्या गडबडीत ऑफिसला जाणं झालं नाही, एवढंच. तसं असेल तर सरळ लिही. सही काय, दोन्ही हातांचे अंगठे देते.

लग्न चार मेला कराडच्या कार्यालयात धरलंय. पोरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं, हे काम मामाचं. तिला सख्खा मामा एकच. पाठीचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले, चालतोस, फिरतोस, मग अडलंय कुठं ते मला कळलं पाहिजे.

चार ओळींचं उत्तर चालणार नाही. रागावले असले तरी तुझीच आहे, हे ध्यानात ठेवून लिही.
तुझी,
आक्का


कडेगाव
१९ डिसेंबर २०२४

ती. आक्कास,
लालाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दोन उत्तरं लिहून फाडली. जमिनीचं वाचलं मात्र, आणि राहवलं नाही. माझ्याबद्दल तुझ्या मनात काहीही येऊ दे, हे नको. तेव्हा साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं सरळ लिहितो. लहानपणी तू मला धुतलंयस, म्हणून तुला लिहितो. दुसऱ्या कुणाला लिहिलं नसतं.

माझी मणक्यातली गादी सरकली ती अगदी खाली, जिथं नसांचं जुडगं असतं तिथं दाबली गेली. कंबर धरली म्हणून मी दोन दिवस विटेचा शेक घेत बसलो. फौजी माणूस, दुखण्याला काय जुमानायचं! तोवर व्हायचं ते झालं होतं. ऑपरेशननंतर पाय परत आले. गाव म्हणतं, सुभेदार चालायला लागले, बरे झाले. पण लघवीची आणि परसाकडची जाणीव देणाऱ्या नसा परत आल्या नाहीत, आक्का. लघवी साठलेली कळत नाही. बळ केलं तर थोडीशी होते आणि मग उठता-बसता, खोकताना नकळत सुटत राहते. परसाकडचंही तेच. चार-चार दिवस नाही, आणि चूर्ण घेतलं की कुठं आणि कधी, याचा नेम नाही. बसायच्या जागेला बधिरपणा आहे, त्यामुळं कपडा ओला झालेला दुसऱ्याला आधी दिसतो, मला नंतर कळतो.

म्हणून मी पाणी तोडलं. बाहेर जायचं असलं की सकाळपासून घोटभरही घेत नाही. चहाचं तर नावच नको. सुपारीच्या दिवशी एवढं करूनही कपडा ओला झालाच. भिंतीला पाठ लावून उभा होतो तो त्यासाठी. वैर कसलं आणि रुसवा कसला.

इथल्या डॉक्टरांनी वयाचं दुखणं म्हणून गोळ्या दिल्यात. त्यांनी काही फरक नाही. संयोगिता चादरी धुते आणि बोलत नाही, कारण मी बोलू देत नाही. भरतीच्या पोरांची सकाळची कवायत घ्यायचो, तीही सोडली.

शिवांजलीच्या मागं आपल्या चुलत्यांच्या धनाजीला उभा कर. हजार माणसांच्या डोळ्यांसमोर बोहल्यावर माझी फजिती झाली तर ती पोरीच्या लग्नाची गोष्ट होऊन बसेल. लोक तिला आयुष्यभर तेच ऐकवतील. मला ते सोसणार नाही.

दाजींना सांगू नकोस. वाचून झालं की पत्र चुलीत घाल. माया आहे तेवढी राहू दे, यापेक्षा जास्त मागत नाही.
तुझा,
लाला


उंब्रज
२८ डिसेंबर २०२४

चि. लालास,
आशीर्वाद, आणि या खेपेला एक धपाटाही.

पत्र चुलीत घातलं नाही, कारण आमच्याकडं गॅस आहे. वाचून आधी रडले. मग तोंड धुतलं आणि कामाला लागले. नुसतं रडून तुझं काय भलं होणार होतं? आठ महिने तू तहानलेला बसलास आणि मी इकडं तुझ्या नावानं बोटं मोडत बसले. असो, ते बोलणं झालं.

धनाजी उभा राहणार नाही. चांगला माणूस आहे, त्याला जेवायला पहिल्या पंगतीला बसवीन. पण तू धडधाकट डोळ्यांसमोर असताना माझ्या पोरीच्या मागं दुसरा मामा, हे मला चालायचं नाही. चार मेला अजून वेळ आहे. तेवढ्यात तुझं काहीतरी करायचंच.

आता मी काय केलं ते ऐक. तुझं नाव सांगायचं नव्हतं, म्हणून बचत गटाच्या बायकांत मी आमच्या ह्यांचं नाव सांगितलं! म्हटलं, ह्यांना लघवीचा त्रास आहे, नसांचा आहे म्हणतात, कुणी चांगला डॉक्टर माहीत आहे का. झालं! दुसऱ्या दिवसापासून दुकानात माणसं तुझ्या दाजींच्या तब्येतीची चौकशी करायला लागली. कुणी गोखरूचा काढा आणून दिला, कुणी सातूचं पाणी. ह्यांना निम्मं ऐकू येत नाही, त्यामुळं सगळ्यांना हसून बरं आहे म्हणतात आणि काढा पितात. माझा जीव थोडा-थोडा होतोय.

पण काम झालं. आमच्या गल्लीतल्या केरबातात्यांचा पुतण्या ऋषिराज तुला आठवत असेल, उसाच्या ट्रॉलीवरनं पडून पाठ मोडली तो. चाकाच्या खुर्चीत बसून झेरॉक्सचं दुकान चालवतो. त्याला बाजूला घेऊन विचारलं तर तो अजिबात लाजला नाही. म्हणाला, काकी, पाय गेलं त्याचं मला एवढं वाटलं न्हाई जेवढं ह्याचं वाटलं हुतं, पण आता लय बरं हाय. मिरजेला एक डॉक्टर आहेत, देशिंगकर बाई. नसांमुळं लघवी आणि शौचाचं बिघडलेली माणसं बघणं, हेच त्यांचं काम. लाला, असा डॉक्टर असतो, हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं. डोळ्यांचा असतो, दातांचा असतो, तसा ह्याचाही असतो. म्हणजे हे दुखणं तुझ्या एकट्याचं नाही.

मी सोळा जानेवारीची वेळ घेतलीय. ही विनंती नाही, ऑर्डर आहे. माझ्यावर जीव असेल तर तो मिरजेच्या रस्त्यावर दिसू दे.
तुझी,
आक्का


कडेगाव
२ फेब्रुवारी २०२५

ती. वन्संना,
संयोगिताचा वाकून नमस्कार.

ह्यांनी लिहायचं कबूल केलं होतं, पण लिहीत नाहीत, म्हणून मीच बसले. तुमचं पत्र आलं तेव्हा वाचून खिशात ठेवलं आणि गोठ्यात जाऊन म्हशीला कुरवाळत बसले. संध्याकाळी म्हणाले, मिरजेला जायचं, तू पण चल. ऑपरेशन झाल्यापासून तू पण चल असं पहिल्यांदा म्हणाले. मी लगेच आत जाऊन सामान भरायला घेतलं.

देशिंगकर बाई माझ्याच वयाच्या असतील. गाय किती दूध देते असं विचारावं इतक्या सरळ त्यांनी विचारलं, की लघवी किती वेळा, किती, कळते का, शौचाला कधी, कसं. हे भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून उत्तरं देत होते. मग लघवी करून यायला सांगितलं आणि सोनोग्राफी केली. वन्सं, करून आल्यावरसुद्धा लघवीची पिशवी भरलेली! बाई म्हणाल्या, हौद भरला की काठावरनं सांडतं, तेवढंच तुमचं बाहेर येतंय. आणि तो दाब वर चढून मूत्रपिंडांना सूज आलीय. असंच चालू दिलं असतं तर मूत्रपिंडं जायला वेळ लागला नसता. मी खुर्ची घट्ट धरून बसले होते.

पिशवीतला दाब मोजायची एक वेगळी तपासणी केली. पाण्यावरून मात्र बाईंनी ह्यांना असं झापलं, की कुणी साहेबानं झापलं नसेल. हे अभिमानानं सांगायला गेले, की मी पाणी मोजून तोडलंय. बाई म्हणाल्या, शिस्त चांगली आहे, पण उलट्या दिशेनं लावलीय. पाणी कमी झालं की जंतू वाढतात, खडे होतात, शौचही घट्ट होतं.

उपाय म्हणजे नळी. हे उठूनच उभे राहिले, म्हणाले, मांडीला पिशवी बांधून मी फिरणार नाही. मग सिस्टरनी समजावलं, की पिशवी नाही, बारीक नळी दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच घालायची, पोटातली पिशवी रिकामी करायची, नळी काढायची आणि कामाला लागायचं. नसा बधिर असल्यानं दुखतही नाही फारसं. सिस्टरनी विचारलं, फौजेत काय करायचात? हे म्हणाले, रंगरुटांना रायफल खोलायला-जोडायला शिकवायचो. सिस्टर म्हणाल्या, मग ह्यात तर रायफलीपेक्षा लय कमी भाग हायत. हे हसले, वन्सं! मी ते हसणं विसरले होते.

पहिल्या दिवशी दोनदा चुकलं. मी बाहेर जायला निघाले तर म्हणाले, थांब. दुसऱ्या दिवशी एकट्यानं जमलं. शौचासाठी रोज सकाळी ठरल्या वेळी, गरम काहीतरी पिऊन, खाऊन बसायचं, आणि एक औषधाची वडी असते ती वापरायची. चूर्ण बंद. त्यातलं पुढचं तुम्हाला सांगू नकोस म्हणालेत, म्हणून सांगत नाही.

आता घरात मोठ्यानं बोलतात, माझ्या भाजीला नावं ठेवतात. मला ते ऐकायला किती बरं वाटतं, ते तुम्हालाच कळेल. तुमचा हात आमच्या डोक्यावर असाच राहू दे.
तुमची,
संयोगिता


कडेगाव
१४ मार्च २०२५

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार.

भाजीला नावं ठेवतो हे तुला कळवलं गेल्याचं समजलं. भाजी आळणीच असते, त्याला माझा नाइलाज आहे.

रिपोर्ट देतो. परवा पुन्हा मिरजेला गेलो होतो. मूत्रपिंडांची सूज उतरत आलीय. देशिंगकर बाई फार कौतुक करणाऱ्या नाहीत, त्या नुसतं छान म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मला तेवढं पदकासारखं वाटलं. मधे एकदा ताप भरून थंडी वाजली. कारखान्यावर गेलो होतो, तिथल्या संडासात घाई केली, हात नीट धुतले नाहीत. बाईंनी औषध दिलं आणि एक भाषणही दिलं. आता साबण खिशात असतो. चार तास झाले की मी उठतो, मग समोर कुणीही बसलेलं असो.

सकाळचं कामही वळणावर आलंय. पहिले तीन आठवडे वाटलं, की हे काही जमायचं नाही. एके दिवशी जमलं आणि मग जमतच गेलं. चूक अजूनही होते कधीतरी, पण आता मी चुकीला घाबरून घरात बसत नाही. पाणी भरपूर पितो. शिवांजलीच्या सुपारीला सोडलेला चहा मी गावात घरोघरी जाऊन वसूल केलाय. पोरांची कवायतही परत सुरू केली. पोरं म्हणतात, सुभेदार आधीपेक्षा जास्त पळवत्यात.

दाजींना आता खुशाल सांग. माझ्या नावाचं दुखणं ते बिचारे किती दिवस भोगणार!

मात्र लग्नाचं मी तेच म्हणेन. मला चार तासांची शिस्त पाळावी लागते आणि आपल्याकडच्या लग्नाला शिस्त ठाऊक नाही. पत्रिकेवर साडेबारा लिहितात, पण नेते आल्याशिवाय, त्यांचा सत्कार आणि आशीर्वादपर भाषण झाल्याशिवाय भटजी तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी सकाळी नऊनंतर मला सवड मिळणार नाही, वरात आहे, पाहुण्यांचं स्वागत आहे. म्हणजे एकच्या सुमाराला मला उठावंच लागेल, आणि नेमका तेव्हाच पोरीला बोहल्यावर न्यायची हाक येईल. उशीर केला तर सांडणार. निघून गेलो तर मामा ऐन वेळी पळाला म्हणणार. मी लग्नाला येतो, पहिल्या रांगेत बसतो, अक्षता टाकतो. मागं धनाजीच उभा राहू दे. एवढं ऐक माझं.

दाजींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद. ऐकलं नाहीस तरी आपलं म्हणत राहा.
तुझा,
लाला


उंब्रज
२ एप्रिल २०२५

चि. लालास,
अनेक आशीर्वाद.

सूज उतरतेय हे वाचलं आणि देवापुढं साखर ठेवली. बाकीचं पत्र मी वाचलं नाही असं समज.

दाजींना सांगितलं. तर त्यांना डिसेंबरपासूनच माहीत होतं! पहिला काढा आला तेव्हाच त्यांनी ताडलं, की शालनचं, म्हणजे माझं, काहीतरी चाललंय, आणि लाला सुपारीतनं उठून गेला त्याच्याशी ह्याचा संबंध आहे. मला म्हणाले, मेव्हण्यासाठी काढा प्यायला हरकत न्हाई, फक्त लय कडू हाय. मी उठून उरलेले काढे मोरीत ओतले.

आता लग्नाचं. मी काल दाजींना घेऊन कराडच्या कार्यालयात गेले आणि तिथले सगळे संडास-बाथरूम बघून आले, घर विकत घ्यायचं असल्यासारखे. पाहुण्यांसाठीचे मला पसंत पडले नाहीत. पण स्टेजच्या मागं एक खोली आहे, तिला आतून कडी आहे, पाण्याचा नळ आहे, उजेड आहे, आणि टेबल ठेवायला जागा आहे. मॅनेजर म्हणाला, ती खोली आम्ही मोठ्या पाहुण्यांना देतो. म्हटलं, आमच्याकडं मोठाच पाहुणा आहे. त्या दिवशी त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असेल. साबण, टॉवेल, सगळं आत ठेवलेलं असेल, तू फक्त तुझं सामान घेऊन ये.

राहिली वेळ. एक वाजता तुला उठायचं असेल तर उठ. तुझं काम सावकाश कर, घाई करून पुन्हा ताप आणू नकोस. तू येईपर्यंत मांडवात काय करायचं, ते माझं मी बघते. मी आईला न विचारता तुझ्यासाठी शाळेतल्या मास्तरांशी भांडले होते, हा भटजी काय मोठा लागून गेला? मुहूर्त माझ्यावर सोड.

तू मागं उभा राहणार आहेस. आता यावर पत्र लिहिलंस तर मी ते खरोखरच जाळीन. इतकी वर्षं माझं ऐकलंस, अजून एकदा ऐक, आणि माझ्यावरचा विश्वास ढळू देऊ नकोस.
तुझी,
आक्का


जत
१५ मे २०२५

ती. मामांना,
शिवांजलीचा नमस्कार.

व्हिडिओ कॉल केला की माझ्या मागं सगळं सासर उभं राहतं, म्हणून तुमच्या आणि आईच्या पद्धतीनं पत्र लिहितेय. मी बरी आहे. इथं ऊन आपल्यापेक्षा कडक आहे आणि टँकर आला की सगळी गल्ली पळते. सासूबाई शेजारणीशी कानडीत बोलतात, माझ्याबद्दलच बोलत असतील, पण हसून बोलतात, म्हणजे चांगलंच असणार.

मामा, तुम्ही खोलीत होतात तेव्हा मांडवात काय झालं, ते तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल. आई तर स्वतःहून सांगणार नाही. नेतेसाहेबांचं भाषण संपलं आणि तुम्ही माझ्या कानाशी वाकून म्हणालात, की शिवे, जाऊन येतो. तुम्ही गेलात आणि लगेच भटजींनी मुलीला घेऊन या म्हणून पुकारा केला. शंभूराजच्या चुलत्यांनी घाई सुरू केली. मुहूर्त टळला, आता कशाला थांबायचं, दुसरं मामा हायत की, म्हणत त्यांनी धनाजीमामांना पुढं ढकललं. धनाजीमामांनी घाबरत-घाबरत माझा दंड धरला. दोघांनी अंतरपाट उलगडलासुद्धा. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

आणि आई स्टेजवर चढली. जिनं आयुष्यात माइक धरला नाही, तिनं निवेदकाच्या हातातून माइक काढून घेतला. म्हणाली, आत्ता साहेबांसाठी आपण सगळे पाऊण तास थांबलो, कुणाची तक्रार नव्हती, माझीही न्हाई. आता पोरीच्या मामासाठी जरा वेळ थांबायचं. मामा आल्याशिवाय अंतरपाट धरायचा न्हाई. साहेब निघायला उठले होते, ते हसले, म्हणाले, ताईंचं बरोबर हाय, आणि परत खाली बसले. मग कोण बोलणार? अंतरपाटाची घडी झाली. धनाजीमामांनी माझा दंड असा सोडला, जसा तापलेला तवाच धरला होता.

मग तुम्ही टॉवेलला हात पुसत आलात. फेटा सरळ, छाती पुढं. चुलत्यांनी सगळ्यांसमोर विचारलंच, की सुभेदार, ऐन वक्ताला कुठं गेला हुता. मला वाटलं, आता मामा काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. तुम्ही कवायतीच्या आवाजात सांगितलंत, की मणक्याच्या दुखण्यानं माझ्या नसा गेल्यात, लघवी नळीनं काढावी लागते, चार तासांनी काढतो, आता पाच वाजेपर्यंत मोकळा हाय, घ्या मंगलाष्टका! बोहल्याजवळच्या सगळ्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही. भटजींनी घसा साफ केला आणि सुरुवात केली.

मंगलाष्टका संपेपर्यंत तुमचा हात माझ्या खांद्यावर होता, जरासुद्धा हलला नाही. मला तेव्हा इतकं बरं वाटलं, की शंभूराजकडं बघायचंही मी विसरले. तो अजून मला त्यावरून बोलतो.

एक काम आहे. काल चुलत सासरे माझ्याजवळ आले आणि इकडचं-तिकडचं बोलत राहिले. त्यांना पंधरा वर्षं शुगर आहे, पायाला मुंग्या येतात, आणि आता लघवीचं तुमच्यासारखंच झालंय, असं मला त्यांच्या न बोलण्यातून कळलं. मांडवात घाई करत होते ती त्यासाठीच असणार. मला विचारायला लाजतात. तुम्हीच त्यांना फोन करून मिरजेला घेऊन जा.

पहिल्या सणाला घ्यायला तुम्हीच या. लाड कमी करू नका, लग्न झालं म्हणून मी मोठी झालेली नाही.
तुमची,
शिवांजली


उंब्रज
२३ मे २०२५

चि. लालास,
भरभरून आशीर्वाद.

तू जतच्या चुलत व्याह्यांना घेऊन मिरजेला गेलास, हे पोरीकडनं कळलं. तुम्ही दोघं एका गाडीत काय बोललात, ते मला विचारायचं नाही, पण येताना दोघांनी भेळ खाल्लीत, एवढं समजलं. छान झालं.

आता माझं भांडण ऐक. चार महिने मी तुझं गुपित पोटात ठेवलं. सख्ख्या नवऱ्याला आजारी पाडलं. बायकांत खोटं बोलले. जीभ चावून-चावून माझी जेवायची पंचाईत झाली. आणि तू? सगळ्या मांडवाला कवायतीच्या आवाजात सांगून मोकळा! मला आधी सांगितलं असतंस तर मी एवढे कष्ट तरी घेतले नसते. उंब्रजमध्ये दोन दिवस तुझी चर्चा झाली. मग पलीकडच्या गल्लीत सुनेनं सासूला घराबाहेर काढलं आणि सगळे तिकडं वळले. तेवढंच तुझं भय होतं बघ, लाला. दोन दिवसांचं.

आणखी एक सांगायचं राहिलंय. मंगलाष्टका चालू असताना मी रडत होते. बायका मला सावरायला आल्या, म्हणाल्या, पोरगी परक्या घरी चालली, आईला वाईट वाटणारच. मी त्यांना तसंच समजू दिलं. पण मी पोरीकडं बघतच नव्हते. मी तिच्या मागं उभ्या असलेल्या तुझ्याकडं बघत होते.

पुढच्या आठवड्यात संयोगिताला घेऊन ये, मुक्कामाला. भाजी मी करीन. असाच ताठ राहा आणि आम्हालाही तुझ्या सावलीत ठेव.
तुझी,
आक्का